हाय म्हणजे हाव नव्हे

सिद्धराम सरांनी दगडी बैलाच्या शिंगांवर अंगठा आणि तर्जनी ठेवली, एक डोळा मिटला आणि बोटांच्या फटीतून समोर पाहिलं. महादेवाला जायचं तर आधी नंदीच्या शिंगांतून दर्शन घ्यायचं, ही रीत त्यांनी उभ्या आयुष्यात कधी चुकवली नव्हती. फटीतून त्यांना थंड पेयांचं मशीन दिसलं. नाणं टाका, बाटली घ्या.

"पिंड न्हाई," सर उठत म्हणाले. उठताना गुडघा वाजला.

"अहो, बाजूला व्हा. लोकं थांबून राहिले मागं," सिंधूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर नांदेडकडचं, भोकरचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण हे 'थांबून राहिले' लातूरला येऊनही सुटलं नव्हतं आणि आता जपानला येऊनही सुटलं नव्हतं.

मागे खरोखरच रांग होती. शाळेच्या गणवेशातली आठ-दहा पोरं बैलाच्या डोक्यावरून हात फिरवायला थांबली होती आणि या गृहस्थांनी शिंगांतून काय पाहिलं असेल याचा विचार करत होती. त्यातल्या एकानं पुढे येऊन तसंच करून पाहिलं. त्यालाही मशीनच दिसलं असावं, पण तो समाधानानं हसला.

"पप्पा, हा नंदी न्हाई. इथल्या देवाचा बैल हाय हा," शिवांगी म्हणाली.

"मग नंदी काय ट्रॅक्टरवाल्याचा असतो?"

सकाळपासूनचा हा तिसरा मनस्ताप होता. क्योटो शहरात देवळं दोन हजारांच्या घरात आहेत आणि आज सुट्टीचा एकच दिवस म्हणून शिवांगीनं त्यातली तीन निवडली होती. पहिलं सोन्याचं. ते तळ्याच्या पलीकडे उभं होतं, आत कुणालाच सोडत नव्हते. लांबून फोटो काढायचा आणि फाटकातून बाहेर पडायचं. सरांनी घंटा शोधली, प्रदक्षिणेची वाट शोधली, निदान तीर्थ देणारा कुणी आहे का ते पाहिलं, आणि 'हे तर पुढाऱ्याच्या बंगल्यावानी झालं' असा शेरा मारून ते बाहेर आले. दुसऱ्या देवळात देवाऐवजी दगड होते. पांढऱ्या खडीच्या अंगणात पंधरा दगड मांडलेले, आणि कुठेही बसा, चौदाच दिसतात अशी त्याची ख्याती. सरांनी तीन वेळा जागा बदलून मोजले. तिन्ही वेळा चौदा. माणसं तिथे डोळे अर्धवट मिटून शांत बसली होती. त्यांच्या मधोमध उभं राहून सर म्हणाले होते, "एक कमी हाय. आमच्याकडं असं असतं तर पालक रिचेकिंगला गेले असते."

आणि हे तिसरं देऊळ परीक्षेच्या देवाचं. ते शिवांगीनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सिद्धराम सर म्हणजे लातूरची 'गंगाई केमिस्ट्री'. लातुरात एवढं म्हटलं की पुरतं, रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. तीन मजले, चार बॅचेस, आणि दर्शनी भिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो, प्रत्येकाखाली त्याचे मार्क. दर जूनला नव्या पोरांसमोर सर एकच भाषण करत. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंप झाला, औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव पहाटे चारच्या सुमाराला जमिनीला टेकलं, वडील गेले, बहीण गेली, आणि सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एकवीस वर्षांच्या सिद्धरामनं चार पोरं समोर बसवून पहिली शिकवणी घेतली. "पत्र्यातून निघालोय आपण!" असं म्हणून सर टेबलावर मूठ आपटत आणि पालकांचे डोळे पाणावत. आतापर्यंत त्यांच्या हाताखालून तीनशेच्या वर पोरं मेडिकलला लागली होती.

एक सोडून. ती एक घरातली होती.

शिवांगीनं बारावीनंतर दोनदा ड्रॉप घेतला, म्हणजे दोन अख्खी वर्षं नीटच्या परीक्षेला वाहिली, आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तिसऱ्या ड्रॉपची वह्या-पुस्तकं सरांनी आणून ठेवली तेव्हा तिनं जपानी भाषेच्या वर्गात नाव घातल्याचं सांगितलं. आता तिला इथे तीन वर्षं होऊन गेली होती. ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना उठवायची, बसवायची, भरवायची, अंघोळ घालायची. सरांनी लातुरात 'ती जपानला मेडिकल लाईनला हाय' असं सांगून ठेवलं होतं. सांगताना ते 'लाईन' हा शब्द जरा हळू उच्चारत.

आज नीटचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. सरांनी लातूरहून निघण्याआधीच तिचा फॉर्म भरून ठेवला होता. बापाचं नाव, आईचं नाव, दहावीचं वर्ष, तीन वर्षांपूर्वीचा फोटो. वयाची वरची अट आता उरलेली नाही, हे त्यांनी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतलं होतं. फक्त शेवटी एक ओटीपी लागणार होता. सहा आकडे. ते येणार होते शिवांगीच्या मोबाईलवर. नांदेडच्या ताहेरभाईंच्या टूरमधून सर आठ दिवसांसाठी जपानला आले होते ते याच सहा आकड्यांसाठी. बाकीची मंडळी आज बसमध्ये बसून कुठला तरी किल्ला बघायला गेली होती.

पोरगी तयार होईल, याची सरांना सकाळपासून खात्री वाटत होती. स्टेशनवर भेटल्या भेटल्या ते म्हणाले होते, "शिवा, आज फॉर्मची लास्ट डेट हाय."

"हाय," शिवांगी म्हणाली होती.

"एवढ्या डाव सीरियसली दिलीस तर होऊन जाईल. सेंटर लातूरच टाकलंय."

"हाय."

सोन्याच्या देवळापाशी आणखी दोनदा हाय. दगडांच्या देवळात एकदा. सरांनी मनात पाच टिकमार्क केले आणि सिंधूबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? नरम झाली पोरगी."

"ती हाय म्हणून राहिली," सिंधूबाई म्हणाल्या. "हाव म्हणाली का?" भोकरकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात.

"हाय काय न् हाव काय. तू आता भाषाशास्त्र काढू नको."

देवाची गोष्ट शिवांगीनं गाभाऱ्यासमोर उभं राहून सांगितली. गाभाऱ्यात अर्थातच कुणी दिसत नव्हतं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी दरबारात एक मोठा विद्वान होता. हुशार होता म्हणून लोकांनी त्याच्याविरुद्ध राजाचे कान भरले आणि राजानं त्याला दूर कोपऱ्यात पाठवून दिलं. तो तिथेच झुरून मेला. मग राजधानीवर विजा पडायला लागल्या, दरबारी पटापट मरायला लागले, तेव्हा लोकांनी घाबरून त्याचं देऊळ बांधलं. तो विद्येचा देव झाला.

"म्हणजे बदलीवर मेलेला प्राध्यापक," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना इथल्या देवाबद्दल काही वाटलं आणि त्यांनी हात जोडले.

देवळाच्या बाजूला लाकडी कठडे होते आणि त्यांवर तळहाताएवढ्या पाट्या टांगलेल्या. हजारोंनी. प्रत्येक पाटीवर एका पोराचा नवस: नाव, गाव, कुठल्या कॉलेजात जायचंय ते. सर थबकले. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर प्रवासी माणसाचा जो त्रासिक भाव होता तो जाऊन तिथे धंद्याचा माणूस आला.

"हे सगळं असं उघड्यावर?" ते कुजबुजले. "नाव, पत्ता, कुठला कोर्स पायजे ते? सिंधू, असा एक कठडा लातुरात घावला तर तीन क्लासच्या ॲडमिशन फुल्ल होत्यात. आम्ही दहावीच्या पोरांचे नंबर मिळवायला काय काय करतो..."

"देवळात उभं राहून तरी नका सांगू," सिंधूबाई म्हणाल्या.

शिवांगी तोवर एका कठड्यापाशी जाऊन पाट्या एकेक करून उलटत होती. सरांना वाटलं पोरगी नवी पाटी बांधणार. नीटसाठी. सहावा टिकमार्क. ते पुढे झाले. तिनं शोधून काढलेली पाटी जुनी होती, पावसानं शाई जरा पसरली होती. वर जपानी अक्षरांची रांग, आणि खाली कोपऱ्यात, बारीक, देवनागरीत: 'शिवांगी सिद्धराम. एकदाच.'

"हे काय हाय?"

"जानेवारीत बांधली होती मी. परीक्षा होती."

"कसली परीक्षा?"

"आमच्या कामाची. सरकारी. ती पास झालं की पक्कं लायसन मिळतं. मग इथं राहता येतं, पायजे तितकी वर्षं."

सरांना एकाच वेळी दोन धक्के बसले. पोरगी इथेच राहायचं म्हणत होती, हा एक. पण खरा धक्का दुसराच होता. सिद्धराम सरांच्या पोरीनं परीक्षा दिली आणि सिद्धराम सरांना ती झाल्यावर महिन्याभरानं कळत होतं.

"परीक्षा दिलीस," ते म्हणाले, "अन् मला सांगितलं न्हाई? पॅटर्न काय होता?"

"पप्पा, भूक लागली. चला आधी."

भूक सगळ्यांनाच लागली होती, पण सरांना भूक लागणं हा जपानात स्वतंत्र विषय होता. ते गळ्यात लिंग असलेले, अंड्यालाही लांबून नमस्कार करणारे. आणि इथे मासा दिसत नाही, पण असतो. पाण्यात असतो, रश्शात असतो, भातावर भुरभुरतो. शिवांगी म्हणाली, मी विचारते. सर म्हणाले, नको, आता मीच विचारतो, चार दिवसांत मला जमायला लागलंय. त्यांचं म्हणणं असं होतं की जपानी आणि लातूरची बोली यांत फारसा फरक नाही. हे लोक 'हाय' म्हणतात, 'नाय' म्हणतात. पुण्याच्या माणसाला इथे अडचण येईल, आपल्याला कशाला येतीय?

पहिल्या दुकानात जाडजूड शेवयांचे वाफाळते वाडगे होते. सरांनी वाडग्याकडे बोट केलं. "फिश हाय का?"

"हाय!" दुकानदार कमरेत वाकून म्हणाला.

सर बाहेर. दुसऱ्या दुकानात त्यांनी प्रश्न फिरवला. "फिश न्हाई ना?"

"हाय!"

सर पुन्हा बाहेर. तिसऱ्या दुकानात त्यांनी शास्त्रीय पद्धत वापरली. आधी विचारलं, "फिश हाय का?" "हाय!" मग विचारलं, "व्हेज हाय का?" "हाय!" मग त्यांनी चिडून विचारलं, "दुकान बंद हाय का?" "हाय!" बाई प्रसन्न हसली आणि त्यांना खुर्ची दिली.

"सगळ्या प्रश्नांना एकच ऑप्शन भरलाय!" सर रस्त्यावर येऊन ओरडले. "निगेटिव्ह मार्किंग असतं ना, अख्खा देश मायनसमध्ये गेला असता!"

त्यांनी नांदेडला ताहेरभाईंना फोन लावला. ताहेरभाईंनी वीस वर्षं लोकांना अजमेरला आणि उमऱ्याला नेलं होतं; जपान हा त्यांचा नवा माल होता आणि ते स्वतः अजून जपानला गेले नव्हते.

"ताहेरभाई, ही माणसं कशालाबी हाय म्हणतात. खायचं काय माणसानं?"

"हां सर."

"तीन दुकानं झाली. पोटात कावळे बोंबलायलेत."

"हां सर, हां."

"माशाचं विचारलं तरी हाय, दुकान बंद का विचारलं तरी हाय!"

"अरे सर, वो लोगां का हाय म्हंजे अपना हाव नव्हे ना," ताहेरभाई म्हणाले. मागे कुणीतरी चहाचे कप विसळत होतं. "हाय मतलब, सुन लिया. बस. तुम्ही बोला, मी ऐकून राहिलो. अब आप फोन पे इत्ती देर से बोल रहे, मैं हां-हां कर रहा ना? वैसाच."

"म्हणजे तुम्ही मघापासून..."

"हां सर," ताहेरभाई म्हणाले.

फोन खिशात ठेवताना सरांचा चेहरा उतरला होता. आधी वाटलं ते ताहेरभाईंमुळे. पण त्यांच्या मनात सकाळपासूनचे टिकमार्क एकेक करून पुसले जात होते. स्टेशनवरचे दोन. सोन्याच्या देवळातले दोन. दगडांचा एक.

जेवण शेवटी शिवांगीनंच शोधलं. लाकडी घर, बुटकं टेबल, आणि मधोमध पाण्याच्या भांड्यात हलणारे पांढरे चौकोन. पाण्यात फक्त समुद्री पाला आहे, मासा नाही, असं तिनं दोनदा विचारून सांगितलं. शेजारच्या वाटीतल्या काळ्या पाण्यात मात्र होता, तेव्हा ती वाटी तिनं आपल्याकडे ओढून घेतली.

"हे काय?"

"सोयाबीन."

सर बघत राहिले. लातूरचा माणूस सोयाबीन पेरतो, काढतो, अडतीला घालतो, भाव पडला की रस्त्यावर उतरतो. खातो असं कुणी म्हटलं तर हसेल. "एवढ्या लांब येऊन सोयाबीन," ते म्हणाले. "तेबी उकडून." सिंधूबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि कडक भाकरी काढली. चटणीबरोबर ते पांढरं बरं लागत होतं, पण आता कबूल करायची सोय राहिली नव्हती.

"शिवा, सरळ विचारतो," सर म्हणाले. "सकाळपासून हाय हाय करायलीस. हाव का न्हाई?"

"पप्पा, मी ऐकत होते."

"ऐकून काय करायचं? पाच वाजेपर्यंत फॉर्म हाय. तिकडच्या पाचला इथं साडेआठ. अगं, केमिस्ट्रीत तू माझ्या टॉपरपेक्षा... आणि करायलीस काय? म्हाताऱ्यांच्या अंघोळी! यासाठी शिकवलं का तुला?"

शिवांगी वाटीत बघत राहिली. सिंधूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घालायच्या आधी म्हणाल्या, "तुमच्या अव्वाला अंघोळ कोण घालायचं?"

"तो विषय वेगळा हाय."

"विचारून राहिले फक्त. मी लग्न होऊन आले तरी सहा महिने सासूबाई माझ्या हातानं न्हाई म्हणायच्या. सिद्धू घालतो नीट, म्हणायच्या. त्याला माहिताय कुठं दुखतं."

आईचा, गंगम्माचा, डावा खुबा भूकंपाच्या त्या पहाटे मोडला होता. घरात दुसरं बाईमाणूस उरलं नव्हतं. तीन वर्षं, रोज सकाळी, पोरं यायच्या आत. जूनच्या भाषणात पत्र्याचं शेड होतं, फळा होता, मे महिन्यात तापून लाल होणारा पत्रा होता. बादली नव्हती.

संध्याकाळी ते पुन्हा देवळाजवळच आले, कारण शिवांगीला तिथली एक मिठाई आईला खाऊ घालायची होती. छोटं दुकान. एक म्हातारी बाई पिवळसर गोळे वळत होती, काहींवर गोड लालसर पुरण थापत होती, काही भाजक्या पिठात घोळवत होती. सिंधूबाईंनी एक गोळा फोडून दाताखाली चावला आणि डोळे मोठे केले.

"अहो, हे राळे हायत! अव्वा भात करायच्या ते धान्य!"

"अन् वरचं पीठ सोयाबीनचं," शिवांगी म्हणाली.

"असणारच," सर म्हणाले.

त्यांनी मोबाईल काढून टेबलावर ठेवला. फॉर्म उघडला. बापाचं नाव, आईचं नाव, तीन वर्षांपूर्वीचा फोटो. खालचं बटण दाबलं. 'ओटीपी पाठवला आहे. मुदत दहा मिनिटं.' शिवांगीच्या पर्समध्ये काहीतरी टिंग वाजलं.

तिनं मोबाईल काढला, बघितला, आणि उलटा न ठेवता सुलटा, सरांकडे तोंड करून टेबलावर ठेवला. सहा आकडे दिसत होते.

"घ्या," ती म्हणाली. "भरायचा तर भरा. मी अडवत न्हाई. पण पेपरला मी बसणार न्हाई पप्पा. हे 'हाय' न्हाई, हे 'न्हाई'."

मग तिनं पर्समधून आणखी एक वस्तू काढली. चुरगळलेली, कोपरे दुमडलेली एक प्रश्नपत्रिका. पानापानावर पेन्सिलीनं केलेले गोल.

"एक महिना झाला, घेऊन फिरायलेय. आन्सर-की दुसऱ्याच दिवशी आली होती. बघवलीच न्हाई मला. दरवेळी की तुम्ही तपासायचात ना, डायनिंग टेबलवर, लाल पेन घेऊन... आता एकटीला हिंमतच होत न्हाई." तिनं प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. "तपासून देता?"

सरांच्या डाव्या हाताशी ओटीपी होता आणि उजव्या हाताशी पेपर. तीस वर्षांत सिद्धराम सरांच्या उजव्या हातानं न तपासलेला पेपर टेबलावर राहू दिला नव्हता. त्यांनी खिशातलं पेन काढलं. लाल होतं.

"किती प्रश्न?"

"सव्वाशे."

"निगेटिव्ह?"

"न्हाई."

"तुम्हाला लाड लई हायत इथं. पासिंग?"

"सत्तरच्या आसपास. दरवर्षी बदलतं."

"की वाच."

शिवांगीनं आपला मोबाईल परत घेतला आणि त्यावर की उघडून वाचू लागली. एक, तीन. दोन, पाच. तीन, एक. सर प्रश्नाखालचा पेन्सिलीचा गोल बघत, टिक नाही तर फुली मारत. जपानी एक अक्षर येत नव्हतं, पण पर्यायांचे आकडे सगळ्या जगात सारखेच. पहिल्या वीसमध्ये बारा. सरांच्या कपाळावर आठी आली. ही आठी नीटच्या वेळची होती, शिवांगीनं ती ओळखली आणि तिचा आवाज बारीक झाला.

"वाच, वाच. सुरुवातीला पोरं घाबरतात. पुढं येतात मार्क."

पुढे आले. पन्नासपर्यंत तेहतीस. मग एका पानावर ओळीनं तीन फुल्या पडल्या. सर थांबले.

"हा कशाचा प्रश्न होता?"

"डावं अंग गेलेला माणूस काठी टेकून जिना चढतोय. सांभाळणाऱ्यानं कुठं उभं राहायचं?"

"हे काय विचारणं झालं?" सर पेपरवरून मान वर न करता म्हणाले. "अधू बाजूला. मागं, एक पायरी खाली. पडलं तर माणूस तिकडंच पडतं ना. अन् काखेत हात घालून ओढायचं न्हाई, खुबा दुखतो. कमरेला धरायचं, धोतर धरल्यागत..."

की वाचायची थांबली. सरांनी मान वर केली. शिवांगी त्यांच्याकडे बघत होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "माझं तिथं चुकलं. मी उजवीकडं लिहिलं."

"रोज करतीस की तू हे काम."

"हातानं बरोबर करते. पेपरात घाबरले."

"वाच पुढं," सर म्हणाले. त्यांनी राळ्याचा एक गोळा उचलून तोंडात टाकला आणि अव्वा गेल्यानंतर पहिल्यांदाच राळे खाल्ले, हे तो गिळल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सव्वाशेवा प्रश्न आला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. सरांनी टिका मोजल्या. मग पानं मागे घेऊन पुन्हा मोजल्या, कारण ते एकदा मोजून कधी कुणाला निकाल सांगत नसत. टेबलावरचा त्यांचा मोबाईल मधेच उजळला. 'ओटीपीची मुदत संपली आहे. पुन्हा पाठवायचा?' बटण तिथेच होतं. साडेआठला अजून वेळ होता. सरांनी मोबाईल उचलला आणि वजन म्हणून प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर ठेवला, पान उडत होतं.

"सत्त्याऐंशी," असं त्यांनी शेवटच्या पानावर लाल अक्षरात लिहिलं. भोवती गोल केला. पंधरा दगडांपैकी जो सकाळी दिसला नव्हता तो सापडल्यासारखे ते त्या आकड्याकडे बघत बसले.

"पप्पा," शिवांगीनं विचारलं. तिला आकडा दिसत होता, तरी तिनं विचारलं. "पास हाय का मी?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. हा निकाल सांगणं म्हणजे पोरगी इथेच राहणार हे आपल्या तोंडानं सांगणं, हे त्यांच्या आता पुरतं ध्यानात आलं होतं. तीनशे पोरांचे निकाल त्यांनी सांगितले होते. एवढा जड एकही नव्हता.

"हाय," ते म्हणाले.

शिवांगी ओठ घट्ट मिटून बैलाच्या दिशेला बघायला लागली. सिंधूबाईंनी पदरानं पोरीचा चेहरा पुसला, मग त्याच पदरानं टेबलावर सांडलेलं सोयाबीनचं पीठ पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अन् तो फॉर्म? भरून राहिलात का?"

"न्हाई," सर म्हणाले. जरा मोठ्यानं निघालं.

आत गोळे वळणारी म्हातारी दचकून वळली. गिऱ्हाईक 'नाय' म्हणाल्याचं तिनं स्वच्छ ऐकलं होतं. तिच्या भाषेतही 'नाय' म्हणजे नाहीच, तेव्हा काहीतरी कमी पडलंय एवढं तिला कळलं. ती लगबगीनं किटली घेऊन आली, तिघांचे कप काठोकाठ भरले आणि दोनदा वाकून माफी मागितली.

"हाय, हाय," सिद्धराम सर तिला म्हणाले.